मातीतले वजन, गादीवरचे वजन

मार्च २०२५ च्या अखेरीस अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची ६६ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि मानाची गदा सोलापूर जिल्ह्यात आली. ती जिंकणारा वेताळ शेळके माढा तालुक्यातल्या बेंबळ्याचा. अंतिम लढतीत त्याने हरवलेला पृथ्वीराज पाटील काही नवखा मल्ल नव्हता. २०२२ साली साताऱ्यात त्यानेच ही गदा खांद्यावर घेतली होती. लढत गादीवर झाली आणि निकाल गुणांवर लागला.

साठ वर्षांपूर्वी गावच्या जत्रेतल्या फडात याला कोणी जिंकणे म्हटले नसते. तिथे निकाल एकच होता. समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला टेकवायचे, त्याला अस्मान दाखवायचे. ते जमले नाही तर पंच दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवत आणि बक्षिसाची रक्कम वाटून जाई. या दोन निकालांच्या मध्ये जो काळ गेला, त्यात कुस्तीतले पुष्कळ काही बदलले. सर्वांत जास्त बदलली ती मल्लाच्या वजनाची किंमत. हा इतिहास सोलापूर जिल्ह्यातल्या मल्लांच्या अंगावरून गेलेला आहे, म्हणून तो इथूनच सांगितला पाहिजे.

मातीच्या हौद्यात वजन म्हणजे भांडवल होते. तालमीतली माती तांबडी, चाळून घेतलेली, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली. तिच्यात पाय रुततो. पाय रुतला की झेप मंदावते आणि चपळ गड्याचे निम्मे बळ तिथेच संपते. अंगाला माती लागली की घाम शोषला जातो, पकड निसटत नाही. ज्याचा पंजा मोठा आणि मनगट जाड, त्याला हे सोयीचे. लंगोटाची लांग धरता येते, ती धरून समोरच्याला उचलता येते, फिरवता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घड्याळ नव्हते. खडाखडी अर्धा अर्धा तास चाले. भारी मल्लाने एकदा पाठीमागून कब्जा घेतला, खालच्याला मातीत दाबले आणि मानेवर घिस्से ओढायला सुरुवात केली, की त्याला उठवणारे कोणी नसे. खालच्याचा दम वजनाखाली हळूहळू निघून जाई. डाव बसायच्या आधीच अर्धी कुस्ती वजनाने मारलेली असे.

वेळेचे बंधन नसले की काय होते, हे गामाच्या दोन कुस्त्यांनी जगाला दाखवले. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिस्को समोरासमोर आले. झ्बिस्को गामाहून बराच वजनदार. पहिल्याच झटापटीत गामाने त्याला खाली घेतले. मग तो पालथा पडून राहिला, आणि अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटवू शकला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. एवढ्या वेळात झ्बिस्कोने एकही डाव केला नाही. जमिनीला चिकटलेले त्याचे जड शरीर हाच त्याचा बचाव होता आणि त्या नियमांत तो पुरेसा ठरला. १९२८ साली पतियाळाच्या मातीत दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चितपट केले. माणसे तीच, पण एकदा वजनाने वाचवले आणि एकदा नाही वाचवले. लंडनला जर पडून राहणाऱ्याला दंड करणारा नियम असता, तर ती कुस्ती दहा मिनिटांत संपली असती असे मला वाटते.

वजन कमवायला खुराक लागतो आणि खुराकाला आश्रयदाता. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, शिवाय दिवसभर मेहनत करायची तर शेतीकाम सोडून बसायचे. हे शेतकऱ्याच्या एका घराला झेपणारे नाही. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना दरबारचा आधार दिला, खासबागेचे मैदान उभारले आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या प्रत्येक गुणी पोराला कोल्हापूरची वाट दिसू लागली. सोलापूर आणि लातूरकडच्या पोरांची ही वाट माढा तालुक्यातून जात होती. कुर्डुवाडी हे बार्शी लाइट रेल्वेचे मुख्य ठाणे. १८९७ साली ही अरुंद रुळांची गाडी बार्शीकडे धावू लागली, पुढे लातूरपर्यंत गेली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोहोचली. मिरजेहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. मराठवाड्याच्या टोकापासून कोल्हापूरच्या तालमींपर्यंत रुळांची सलग वाट तयार झाली ती अशी.

संस्थाने विलीन झाल्यावर दरबार गेले. त्यांची जागा पुढे साखर कारखान्यांनी आणि पुढाऱ्यांनी घेतली. माढा तालुक्यात तर पाण्याने चित्र बदलले. भीमेवरचे उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. ज्या तालुक्याला दुष्काळाची सवय होती, तिथे ऊस उभा राहिला, मागून गोठे वाढले. घरचे दूध आणि उसाचे बिल हाती असलेला बाप पोराला तालमीत ठेवू शकतो. दरबाराने जे चारदोन निवडक मल्लांना दिले, ते पाण्याने अनेक घरांना दिले.

महाराष्ट्र केसरीची सुरुवात १९६१ ची. पहिली गदा औरंगाबादला दिनकर दह्यारींनी घेतली. त्या पिढीचे आदर्श होते श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने. खंचनाळे १९५९ चे पहिले हिंद केसरी, आंदळकर १९६० चे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि माने या दोघांनी वजनदार गटांत सुवर्णपदके आणली. म्हणजे मातीत कमावलेले वजन तेव्हा परदेशातल्या गादीवरही चालत होते. आपले मल्ल उपजत ताकदीवर समोरच्यांना भारी पडत होते.

सोलापूर जिल्ह्याने या काळात एक विक्रम केला, ज्याची आठवण जितकी काढावी तितकी कमीच. दक्षिण सोलापुरातल्या बोरामणीच्या शेख घराण्यातले तीन भाऊ महाराष्ट्र केसरी झाले. इस्माईल शेख १९८० साली, आप्पालाल शेख १९९२ साली आणि मुन्नालाल शेख २००२ साली. या तीन तारखांमध्ये बावीस वर्षे आहेत आणि नेमक्या याच बावीस वर्षांत कुस्तीचे नियम जगभर उलटेपालटे झाले. थोरल्याने ज्या खेळात गदा घेतली, तो धाकट्याच्या वाट्याला येईपर्यंत बराच वेगळा झाला होता.

काय बदलले ते नीट पाहू. ऑलिंपिकमध्ये १९८४ पर्यंत शंभर किलोंच्या वरच्या गटाला कमाल मर्यादाच नव्हती. १९७२ साली म्युनिकला अमेरिकेचा क्रिस टेलर १८० किलोंहून अधिक वजनाने उतरला आणि कांस्यपदक घेऊन गेला. त्याला उचलून आपटणे ही त्या वेळी मोठीच गोष्ट मानली गेली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकला ही मर्यादा १३० किलो झाली, २००४ च्या अथेन्सला १२० आणि २०१६ पासून फ्रीस्टाइल कुस्तीत ती १२५ आहे. नुसत्या आकारमानाची बाजारपेठ तिथेच बंद झाली.

खरा घाव मात्र घड्याळाने घातला. आज गादीवरची कुस्ती तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये तीस सेकंद विश्रांती. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला एक गुण. ताबा घेऊन खाली नेले की दोन. पाठ गादीकडे वळवली की दोन, हवेतून मोठा डाव टाकला की चार किंवा पाच. जो कुस्ती करत नाही त्याला पंच आधी बजावतो, मग तीस सेकंदांची मुदत देतो, आणि तेवढ्यात गुण मिळवला नाही तर एक गुण समोरच्याला. खाली दाबून बसले आणि काही घडले नाही तर पंच दोघांनाही उभे करतो. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मातीत भारी मल्लाच्या ज्या चार गोष्टी कामी येत होत्या, म्हणजे रुतणारा पाय, लांगेची पकड, वर बसून दमवणे आणि अमर्याद वेळ, त्या चारही गादीने काढून घेतल्या. पायात बूट, खाली न रुतणारा पृष्ठभाग आणि धरायला कपडा नाही. अशा ठिकाणी पट काढणारा, वाऱ्यासारखा पाठीमागे जाणारा मल्ल राजा झाला.

हे नियम एका दिवसात ठरले नाहीत. २००५ ते २०१२ पर्यंत दोन दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि त्यातल्या दोन जिंकणारा विजयी अशी पद्धत होती. फेरी बरोबरीत राहिली तर चेंडू काढून कोणाला पकड द्यायची ते ठरे, म्हणजे शेवटी नशीबच. प्रेक्षक कंटाळले. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीलाच ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा सगळे जागे झाले. नियम बदलले. सर्व फेऱ्यांचे गुण एकत्र धरायचे आणि ताबा घेण्याला एकाऐवजी दोन गुण द्यायचे असे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्युनॉस आयर्सच्या बैठकीत कुस्ती परत आली. ती परत आली ती वेगाची हमी देऊन. गुंतून पडणाऱ्या जड मल्लाला या हमीत जागा उरली नव्हती.

असे दुसऱ्या खेळांतही झाले आहे. ऑस्ट्रेलिया आणि उत्तर इंग्लंडात तेरा जणांचा रग्बी लीग खेळतात. त्यात पुढच्या फळीत धिप्पाड गडी असतात, त्यांना फॉरवर्ड म्हणतात. १९६६ पर्यंत संघाला चेंडू हवा तितका वेळ आपल्याकडे ठेवता येई. धिप्पाड गडी धडका देत, पडत, पुन्हा उठून धडका देत. चेंडू हातचा जातच नसे. १९६७ मध्ये चार पकडींनंतर चेंडू सोडण्याचा नियम आला, पुढे त्या चारच्या सहा झाल्या. अलीकडे, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मुख्य स्पर्धेत सामन्यातल्या बदल्या दहावरून आठवर आणल्या आणि २०२० मध्ये चुकीला खेळ थांबवून दंड देण्याऐवजी पकडींची मोजणी पुन्हा सुरू करण्याचा नियम आणला. खेळ थांबायचे प्रसंग घटले. वीस मिनिटे धडका मारून बाकावर जाऊन बसणारा फॉरवर्ड महाग पडू लागला आणि ऐंशी मिनिटे पळू शकणाऱ्या, जरा हलक्या फॉरवर्डला भाव आला. तिथला आणि इथला धडा सारखाच आहे. वजनाची किंमत मल्लाच्या शरीरात नसते, ती नियमावलीत लिहिलेली असते.

महाराष्ट्रात हा बदल सर्वांत स्पष्ट दिसला तो नरसिंग यादवच्या रूपाने. मुंबईत वाढलेला हा मल्ल आंतरराष्ट्रीय गादीवर ७४ किलो गटात लढत होता. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्ण याच गटातले आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेतले कांस्यही याच गटातले. असा मल्ल २०११ साली अकलूजला, म्हणजे माढ्याच्या शेजारच्या माळशिरस तालुक्यात, महाराष्ट्र केसरीच्या वजनदार गटात उतरला आणि जिंकला. पुढच्या दोन वर्षांतही तोच जिंकला. सलग तीन गदा. ज्या गटात एके काळी शंभर सव्वाशे किलोंचे पहाड एकमेकांना ढकलत असत, तिथे त्यांच्याहून कितीतरी हलक्या बांध्याचा मल्ल आला आणि कोणालाही त्याला थांबवता आले नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या कुस्तीत जुना काळ संपला तो या तीन वर्षांत.

तरीही माती मेली नाही, आणि याचा मोठा आनंद आहे. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींकडचे विजेते शेवटी गादीवर भेटतात. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला माती विभागातून आलेला बाला रफिक शेख आणि गादी विभागातला, आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके असे समोरासमोर आले. बाला रफिक करमाळा तालुक्यातल्या खडकीचा, म्हणजे माढ्याला लागून असलेल्या तालुक्यातला. गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली कोल्हापुरात तयार झालेला. त्याने कटकेला ११-३ असे हरवले. मातीतला मल्ल गादीवर, गादीच्याच मापाने, म्हणजे गुणांनी जिंकला. त्यानंतर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुलगावला मोहोळच्या सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर चितपट केले. मोहोळही माढ्याला लागूनच. करमाळा, मोहोळ आणि आता खुद्द माढा. सात वर्षांत जिल्ह्याच्या या एका पट्ट्यात तीन महाराष्ट्र केसरी झाले. तिघांनीही वजन सोडले नाही, पण वजन वाहून नेणाऱ्या पायांना वेग दिला. आजच्या भारी मल्लाला हेच करावे लागते.

मात्र दोन पद्धती एकत्र आल्या की वाद होतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर शेख हरला. ते गुण चार होते की दोन, यावर महिनाभर गावोगावच्या पारांवर भांडणे झाली. जुन्या वस्तादांचे म्हणणे होते की मातीत गुण कसले मोजता, पाठ लागली का ते सांगा. नव्या प्रशिक्षकांचे म्हणणे होते की डाव हवेतून गेला की नाही हे चित्रफितीवर बघा. दोघांचेही त्यांच्या नियमांपुरते बरोबर होते. माती विभागात गादीचे गुण लावायचे असतील तर ते मैदानात उतरण्याआधी पोरांना पक्के शिकवले पाहिजेत, आणि माढ्यासारख्या तालुक्यांतल्या बहुतेक तालमींत ही शिकवण अजून पुरती पोहोचलेली नाही.

आणखी एक हिशोब मांडला पाहिजे, तो मनाला जास्त लागतो. भारताने ऑलिंपिकमध्ये कुस्तीत आजवर आठ पदके मिळवली. पहिले १९५२ च्या हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे, ५७ किलो गटातले. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते आणि तिथे त्यांना प्रथमच परदेशी गादी आणि परदेशी नियम यांना तोंड द्यावे लागले होते. चार वर्षांत त्यांनी ते आत्मसात केले. नंतर सुशील कुमार ६६ किलोंत दोनदा, योगेश्वर दत्त ६० किलोंत, साक्षी मलिक ५८ किलोंत, रवी दहिया ५७ किलोंत, बजरंग पुनिया ६५ किलोंत, अमन सेहरावत पुन्हा ५७ किलोंत. आठांपैकी एकही पदक ६६ किलोंच्या वर नाही. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या मल्लाला कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळालेले नाही.

आणि महाराष्ट्र आपली सर्वांत मोठी गदा कोणाला देतो? आज महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंत सुवर्ण जिंकले, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य आणले, पण त्याच्या वजनाचा मल्ल या गदेसाठी हौद्यात पाऊलसुद्धा ठेवू शकत नाही. खुद्द खाशाबा आज हयात असते आणि ऐन उमेदीत असते, तरी महाराष्ट्र केसरी झाले नसते. जत्रेच्या मैदानातही हेच चित्र. शेवटच्या, भारी जोडीला लाखांचे इनाम आणि हलक्या पोरांच्या जोड्या दुपारच्या उन्हात शंभर दोनशे रुपयांवर सोडायच्या. वस्तादही मग पोराला सांगतो की वजन वाढव. पंचावन्न किलोंचा, बिजलीसारखा चपळ पोरगा खुराकाने फुगतो, नव्वदच्या घरात जातो आणि तिथे त्याच्यासारखे पन्नास जण आधीच उभे असतात. जगाच्या नियमांनी ज्या शरीराला सोन्याचा भाव दिला, ते शरीर आपण आपल्याच हाताने मोडतो.

भारी मल्लांचा मान कमी करावा असे माझे अजिबात म्हणणे नाही. बेंबळ्याच्या वेताळने जी गदा माढ्यात आणली ती माढ्याने मिरवलीच पाहिजे. पण माढा, करमाळा, मोहोळ, माळशिरस या पट्ट्यातल्या यात्रा समित्यांनी आणि कारखान्यांनी येत्या हंगामापासून दोन गोष्टी कराव्यात. मैदानात ५७, ६१ आणि ६५ किलोंच्या जोड्यांना भारी जोडीच्या निम्मे तरी इनाम ठेवावे आणि त्या कुस्त्या संध्याकाळी, गर्दी भरल्यावर लावाव्यात. आणि प्रत्येक मोठ्या गावच्या तालमीत मातीच्या हौद्याशेजारी एक गादी अंथरावी. भारी जोडीच्या एका हंगामाच्या इनामात एका तालमीची गादी सहज होईल.